देवाच्या जवळ यायचं आहे, पण सुरुवात कुठून करू?

‘देवाच्या जवळ या’ हे वाक्य मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सतत कानावर पडतं. उपदेशात असतं, गीतांत असतं, प्रार्थनासभेत असतं. पण सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे सांगणारं माणूस सहज भेटत नाही. बायबल उघडायचं तर कुठे? प्रार्थना किती वेळ करायची? दोन मिनिटांत बोलायचं सगळं संपलं तर? मन भलतीकडे धावलं तर? आणि एवढं करूनही काहीच जाणवलं नाही तर? नव्याने विश्वासात आलेल्यांशी बोलताना हेच प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकू येतात आणि एके काळी ते माझेही होते. म्हणून ही वाट पायरीपायरीने लिहून काढली आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. यरुशलेमच्या मंदिरात परमपवित्रस्थानाच्या, म्हणजे सगळ्यांत आतल्या पवित्र खोलीच्या, पुढे पडदा होता. त्याच्या आत फक्त मुख्य याजकाला जाता येई, तेही वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी. येशूने वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असं मार्क १५:३८ मध्ये (बायबलमधल्या मार्क या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायाच्या ३८व्या वचनात) लिहिलं आहे. इब्री लोकांस पत्राचा दहावा अध्याय त्यावरूनच आपल्याला धैर्याने जवळ यायला सांगतो. म्हणजे वाट आधीच मोकळी झाली आहे आणि ती मोकळी करणारा देव स्वतः आहे. खालच्या पायऱ्यांनी तुम्ही देवाची मर्जी कमावणार नाही आहात. त्या फक्त उघड्या वाटेवर पाऊल टाकायला मदत करतात. हे विसरलं की प्रार्थनेची हजेरी होते आणि एक दिवस चुकला तरी माणूस देवाला तोंड दाखवायला घाबरू लागतो.

काय काय लागेल

- वाचताना अडखळायला होणार नाही असं मराठी बायबल. मराठीत एकाहून जास्त भाषांतरं मिळतात. जुनी भाषा जड जात असेल तर सोप्या मराठीतलं घ्या, त्यात काहीही कमीपणा नाही.
- एक साधी वही आणि पेन.
- रोज त्याच ठिकाणी बसता येईल अशी जागा.
- पंधरा मिनिटं.
- विश्वासात मुरलेली, तुमचं ऐकून पोटात ठेवणारी एक व्यक्ती. ती पहिल्या दिवशी नसली तरी चालेल, पण शोधायला लागा.

छापील बायबल मिळालं तर उत्तम. मोबाइलवरही वाचता येतं, पण मग निदान तेवढा वेळ बाकीच्या सूचना बंद ठेवा. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, प्रार्थनेला कसलाही दाखला लागत नाही.

१. वेळ ठरवा आणि ती छोटी ठेवा

येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थना करायला गेला, हे मार्क १:३५ मध्ये आहे. त्यावरून काही जण पहाटेचाच आग्रह धरतात. पण तोच येशू कधी रात्रभर प्रार्थनेत राहिला आणि दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे. घड्याळातला कुठला तास जास्त पवित्र, असं शास्त्र कुठेच सांगत नाही. ज्या वेळी तुम्ही जागे असता आणि तुम्हाला कोणी हाक मारत नाही, ती तुमची वेळ. रात्रपाळी करणाऱ्याची ती दुपारी असेल. तान्हं बाळ असलेल्या आईची बाळ झोपल्यावर.

इथला सापळा उत्साहाचा आहे. एखादी जोरदार सभा होते आणि माणूस ठरवतो, उद्यापासून रोज एक तास. चार दिवस निभतं, पाचव्या दिवशी सुटतं आणि मग अपराधीपणाने सगळंच सुटतं. पंधरा मिनिटं ठरवा आणि ती टिकवा. गोडी लागली की वेळ आपोआप वाढते.

मत्तय ६:६ मध्ये येशू खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगतो. घरात वेगळी खोली नसेल तर गच्ची, जिना, रिकामी बस, काहीही चालतं. दार लावण्याचा हेतू एवढाच, की त्या वेळी आपल्याकडे कोणी बघत नसावं.

२. मार्कपासून वाचा, सावकाश

बहुतेक जण उत्पत्तीपासून सुरू करतात. उत्पत्ती आणि निर्गम कथेच्या ओघात वाचून होतात, पण लेवीय आलं की यज्ञांच्या विधींमध्ये पाय अडकतो आणि बायबल मिटतं. लेवीय वाचायचंच आहे, पण नंतर. देव कसा आहे हे येशूकडे पाहिल्यावर कळतं, म्हणून आधी शुभवर्तमान, म्हणजे येशूचं जीवन सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एक, घ्या. मार्क सगळ्यांत छोटं आहे, सोळाच अध्याय. रोज एकच प्रसंग वाचा, पूर्ण अध्यायाची घाई नको.

वाचायची एक जुनी रीत आहे. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या मठवासी साधूने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि देवासमोर नुसतं स्थिर राहणं. ती प्रत्यक्षात कशी वापरायची, ते एका प्रसंगावरून सांगतो.

मार्कचा दहावा अध्याय काढा, ४६व्या वचनापासून. यरीहोच्या बाहेर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी वाटेच्या कडेला बसला आहे. येशू जातोय हे कळताच तो ओरडायला लागतो. लोक त्याला गप्प करतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? एकदा वाचून झालं की पुन्हा वाचा, या वेळी जिथे मन अडकेल तिथे थांबा. माझं मन त्या प्रश्नावर अडकतं. आंधळ्याला काय हवं हे समोर दिसत असताना येशू का विचारतो? आता जरा मागे जा. त्याच अध्यायात, ३६व्या वचनात, येशूने जवळपास हाच प्रश्न याकोब आणि योहान यांना विचारला आहे. त्यांनी मागितलं ते गौरवात उजव्या-डाव्या हाताचं आसन. बार्तीमयाने मागितली दृष्टी. आसनं मागणाऱ्यांना येशू म्हणाला, तुम्ही काय मागता हे तुम्हाला कळत नाही. दृष्टी मागणारा डोळस झाला आणि त्याच्या मागून वाटेने चालू लागला.

इथे पुस्तक बाजूला ठेवा. तोच प्रश्न आपल्याला विचारला आहे असं समजून उत्तर द्या. मी काय मागतोय, आसन की दृष्टी? जे मनात येईल ते देवाला सांगा, पुढचे शब्द शोधू नका, थोडा वेळ तसेच बसा. शेवटी वहीत एक-दोन ओळी लिहा. झाली तुमची पंधरा मिनिटं.

डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं आणि जे वचन येईल तो आजचा संदेश मानायचा, ही सवय मात्र लावून घेऊ नका. वचनाला मागचा-पुढचा संदर्भ असतो. वर पाहिलंत ना, बार्तीमयाची गोष्ट याकोब-योहानाच्या शेजारी ठेवल्यावर किती वेगळी उघडली.

३. खरं बोला

मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते याच पायरीविषयी. पुष्कळ लोक प्रार्थनेला बसले की त्यांचा आवाज बदलतो, भाषा बदलते. मनात नोकरीची धास्ती असते आणि तोंडाने ‘हे कृपाळू, दयाळू, सर्वसमर्थ पित्या’ सुरू असतं. ते शब्द चांगलेच आहेत. पण मनातली धास्ती बाहेर आलीच नाही, तर जवळीक कशी होणार?

स्तोत्र १३ उघडा. सहा वचनांचं स्तोत्र आहे, दाविदाच्या नावाचं. पहिल्या दोनच वचनांत तो देवाला चार वेळा विचारतो, ‘कोठवर?’ कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, कोठवर मी मनात दुःख बाळगायचं, कोठवर शत्रूने माझ्यावर वरचढ व्हायचं? मग तो मागतो: माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे, माझ्या डोळ्यांत प्रकाश येऊ दे. शेवटच्या दोन वचनांत तो म्हणतो, मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे, मी गाईन. परिस्थिती बदलल्याचं स्तोत्रात कुठेही म्हटलेलं नाही. तक्रार, मागणी आणि भरवसा एकाच प्रार्थनेत एकामागून एक येतात. तुमची प्रार्थनाही याच क्रमाने वहीत लिहून बघा: माझं ‘कोठवर’ काय आहे, मला नेमकं काय हवं आहे आणि देवाविषयी मला काय ठाऊक आहे.

देवावर चिडल्याचं त्याला सांगितलं तर तो रागावेल, ही भीती पुष्कळांना असते. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं भरपूर आहेत, आणि ती देवाच्या लोकांनी उपासनेत गायली आहेत. हन्ना मंदिरात इतक्या कळवळून प्रार्थना करत होती की एली याजकाला ती प्यालेली वाटली. देवाने तिचं ऐकलं. हिज्कीया राजाला शत्रूचं धमकीचं पत्र आलं तेव्हा त्याने ते मंदिरात नेऊन परमेश्वरासमोर पसरलं. तुम्हीही डॉक्टरांचा रिपोर्ट, बँकेची नोटीस, कुणाचा लागलेला मेसेज समोर ठेवून प्रार्थनेला बसा.

४. शब्द सुचत नसतील तर उसने घ्या

येशूच्या एका शिष्यानेसुद्धा त्याला विनवलं, प्रभू, आम्हाला प्रार्थना करायला शिकव. त्याने शिकवलेली प्रार्थना आपण इतकी पाठ केली आहे की ती घाईत म्हणून मोकळे होतो. ती एकेका ओळीवर थांबून म्हणा. ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ म्हटल्यावर त्याची स्तुती करा. ‘तुझे राज्य येवो’ म्हणताना अन्याय झालेल्यांची आठवण करा. ‘आमची रोजची भाकर’ आली की आजच्या गरजा नावानिशी सांगा. क्षमेच्या ओळीवर कोणाचं तोंड डोळ्यांसमोर येतं ते पाहा. क्रमही लक्षात घ्या: देवाचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा आधी, आपली भाकर नंतर.

स्तोत्रं मोठ्याने वाचणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे. भीतीत स्तोत्र २३, पश्चात्तापात ५१, तहानलेल्या मनाने ६३, आपण कोण आहोत हे विसरायला होतं तेव्हा १३९. आणि एकही शब्द फुटत नसेल तेव्हा रोमकरांस पत्र ८:२६ धरून ठेवा. तिथे प्रेषित पौल म्हणतो की पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो, शब्दांत न येणाऱ्या कण्हण्याने.

५. थोडा वेळ गप्प बसा, पण प्रत्येक विचाराला देवाची वाणी म्हणू नका

प्रार्थनेच्या शेवटी दोन-तीन मिनिटं काही न मागता बसा. मन भटकेलच. भटकल्याचं लक्षात आलं की ‘प्रभू येशू’ एवढं म्हणून परत या, स्वतःवर वैतागू नका. जी गोष्ट परत परत आठवते, ती बहुधा प्रार्थनेत आणायची राहिलेली असते. तीच देवासमोर ठेवा.

देव बोलतो यावर माझा विश्वास आहे. म्हणूनच सावध राहायला सांगतो. बाळ शमुवेलालासुद्धा हाक कोणाची आहे ते पहिल्या तीन वेळा कळलं नव्हतं, एलीने त्याला सांगावं लागलं. मनात आलेली गोष्ट शास्त्राच्या विरुद्ध जाते का, जाणत्या विश्वासणाऱ्यांना ती पटते का, आणि काही दिवस थांबल्यावरही ती तशीच राहते का, एवढं पाहा. लग्न, नोकरी, पैसा असे मोठे निर्णय एका सकाळच्या भावनेवर घेऊ नका.

कोणी म्हणालं की देव तुमच्याशी फक्त माझ्यामार्फत बोलतो, आशीर्वादासाठी पैसे मागितले, घरच्यांशी नातं तोडायला सांगितलं किंवा चालू औषधं बंद करायला सांगितली, तर त्या माणसापासून दूर व्हा. पडदा फाटलेला आहे. तो पुन्हा शिवायचा अधिकार कोणालाही नाही.

६. पाप झालं की पळू नका

जवळीक तुटते ती पापाने, हे खरं. पण पुष्कळदा पापाहून जास्त अंतर पडतं ते लपण्याने. एदेन बागेत आदाम आणि हव्वा झाडांमागे लपले, तेव्हा शोधत देवच आला होता. १ योहान १:९ सांगतं की आपण पापं कबूल केली तर तो विश्वासू व न्यायी आहे म्हणून क्षमा करतो. ‘माझ्या सगळ्या पापांची क्षमा कर’ असं मोघम म्हणून पुढे जाऊ नका. खोटं बोललो, अमक्याचा अपमान केला, असं नाव घेऊन सांगा. मग क्षमा झाली हे मान्य करा आणि उठा. तेच पाप रोज नव्याने उकरत बसू नका. तुमच्या परंपरेत याजकापुढे पापनिवेदन करण्याची रीत असेल तर तिचा आधार घ्या.

सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेली दिवसाची उजळणी इथे फार उपयोगी पडते. रात्री झोपण्यापूर्वी दिवस मनात फिरवायचा: कशाबद्दल आभार मानायचे, कुठे देवाचा हात जाणवला, कुठे मी चुकलो, उद्यासाठी काय मागायचं. पाच-दहा मिनिटं पुरतात.

माणसांशी बिघडलेलं असेल तर येशूचं मत्तय ५:२३-२४ मधलं बोलणं स्पष्ट आहे. अर्पण वेदीजवळ ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. मात्र ज्याने मारहाण किंवा छळ केला त्याला मनातून क्षमा करणं वेगळं आणि त्याच्या तावडीत परत जाणं वेगळं. दुसरी गोष्ट देव तुमच्याकडून मागत नाही.

७. उरलेला दिवस

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधे बंधू स्वयंपाकघरात राबत. भांड्याकुंड्यांच्या गडबडीतही देवाशी बोलत राहायचं, ही त्यांची साधना होती. ‘निरंतर प्रार्थना करा’ हे पौलाचं वचन अशक्य वाटतं त्यांनी इथून सुरुवात करावी. नहेम्याने राजाच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी, उभ्या उभ्या, मनातल्या मनात प्रार्थना केली. राजाला कळलंही नसेल. फोन उचलण्याआधी, दार उघडण्याआधी, राग गिळताना एक वाक्य पुरे. पूर्वेकडच्या मंडळ्यांत शतकानुशतकं म्हटली जाणारी एक छोटी प्रार्थना श्वासाबरोबर म्हणता येते: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर.’ तिच्यात बार्तीमयाची हाकही ऐकू येते.

उपास करायचा असेल तर एका जेवणापासून सुरू करा आणि तो वेळ प्रार्थनेला द्या. मधुमेह असेल, गरोदर असाल, औषधं चालू असतील किंवा खाण्याशी आधीच झगडा असेल तर अन्नाचा उपास नको. त्याऐवजी मोबाइलचा करा.

८. एकट्याने चालू नका

प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये पहिले विश्वासणारे शिक्षण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना यांत टिकून राहिले असं म्हटलं आहे. चारही गोष्टी एकत्र येऊन करायच्या आहेत. घरी वाचन-प्रार्थनेचा शांत वेळ कितीही चांगला जात असला तरी प्रभुभोजनाला जा, इतरांबरोबर गा, आजाऱ्याला भेटा. १ योहान ४:२० विचारतं की डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर जो प्रेम करत नाही, तो न दिसणाऱ्या देवावर प्रेम कसं करणार? दुसऱ्यांच्या साक्षी ऐकून मात्र खचू नका. कोणाला दर्शन झालं, कोणी तासन्‌तास रडलं. तुम्हाला तसं काही झालं नसेल तर देवाचं तुमच्यावरचं प्रेम तसूभरही कमी होत नाही.

९. काहीच जाणवत नाही तेव्हा

असे दिवस येतात, कधी महिनेही. तुमचा विश्वास संपला असा त्याचा अर्थ काढू नका. सोळाव्या शतकातले स्पेनचे संत क्रूसाचा योहान यांनी या अंधाराविषयी सविस्तर लिहिलं. भावना आटल्यावरही देव आत काम करत असतो, असं त्यांचं सांगणं आहे. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, तरी ते प्रार्थना म्हणून शास्त्रात आहे. या काळात नेम छोटा करा, पण सोडू नका: एक स्तोत्र, प्रभूची प्रार्थना, आमेन. वहीतली जुनी पानं चाळा.

आणि शरीराकडे बघा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, देवदूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, दुसऱ्यांदाही उठवून खायला लावलं. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगरावर आला. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगू नये असं वाटत असेल तर आजच घरच्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा. त्यासाठी प्रार्थना थांबवावी लागत नाही आणि उपचार घेतले म्हणून विश्वास कमी ठरत नाही.

१०. मार्क संपल्यावर

पुढे योहानाचं शुभवर्तमान घ्या, विशेषतः तेरा ते सतरा हे अध्याय अगदी सावकाश. मग फिलिप्पैकरांस पत्र, चारच अध्यायांचं, तुरुंगातून लिहिलेलं आणि तरी आनंदाने भरलेलं. त्यानंतर उत्पत्ती आणि निर्गम. या सगळ्याबरोबर रोज एक स्तोत्र चालू ठेवा. लेवीय वाचायची वेळ येईल तेव्हा शेजारी इब्री लोकांस पत्र उघडं ठेवा, म्हणजे यज्ञ आणि याजक यांचा उलगडा होत जाईल. अडेल तिथे वहीत प्रश्न लिहा आणि ती वही घेऊन आपल्या पाळकांना किंवा फादरना भेटा.